अर्धं राहिलेलं पुस्तक

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे चावडीशेजारची एक खोली, तीन लोखंडी कपाटं, एक लांब बाक आणि नोंदवही. 1994 सालापासून त्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. संध्याकाळी डेअरीत दूध घालून परतणारी माणसं डोकावतात. निम्मी वर्तमानपत्र चाळून जातात. उरलेली म्हणतात, "ताई, कायतरी चांगलं द्या."

या 'चांगलं' शब्दानं मला फार छळलं आहे. सासुरवाशिणींना मी डोळे मिटून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' देते. एकीनंही अजून ते न हसता परत केलेलं नाही. पण प्रत्येक वेळी नेम बसतोच असं नाही.

सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. आनंद यादवांची 1971 सालची 'गोतावळा' मी नुकतीच वाचली होती. नारबा हा सालगडी. मळ्यातली गुरंढोरं हाच त्याचा संसार. पुढे मालक ट्रॅक्टर आणतो आणि ती जनावरं जाऊ लागतात. वाचून दोन दिवस मला जेवण गोड लागलं नव्हतं. मग काय, येईल त्याच्या हातात तेच पुस्तक! आमच्या गल्लीतले आप्पा आले, त्यांनाही दिलं. शेतकऱ्याचं पुस्तक शेतकऱ्याला आवडेल, एवढाच माझा हिशेब.

तिसऱ्या दिवशी आप्पांची नात पुस्तक परत घेऊन आली. "आजोबा नको म्हणाले." मी खोदून विचारलं, तेव्हा पोर म्हणाली, "काकानं बैलं विकली न्हवं, ट्रॅक्टर घेतला. आजोबा रोज रिकाम्या दावणीपाशी बसत्यात." साऱ्या गावाला ठाऊक होतं. पुस्तकात डोकं खुपसून बसलेल्या मलाच तेवढं ठाऊक नव्हतं.

पुढं महिनाभर आप्पा वाचनालयावरून जाताना मान वर करीत नव्हते. शेवटी मीच त्यांच्या घरी गेले. जाताना वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' नेलं. माफी मागायला शब्द सापडेनात, म्हणून पुस्तक नातीच्या हातात दिलं आणि आले.

आठ दिवसांनी आप्पा स्वतः आले. नातीनं रोज रात्री वाचून दाखवलं होतं. गुलामीत जन्मलेला तो काळा माणूस अमेरिकेतल्या अलाबामात शेतकऱ्यांना सांगत होता, की कापसानं जमिनीचा कस गेलाय, भुईमूग लावा. शेंगेच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात.

"अहो ताई, ह्यो तर बेवड!" आप्पा बाकावर थाप मारून म्हणाले. "आमच्या आज्यानं हेच सांगितलं व्हतं. गाठींचं तेवढं ठावं नव्हतं बघा."

मग बराच वेळ भुईमूग, हरभरा, कुणाच्या रानाला कशाचा बेवड मानवतो, हे चाललं होतं. दिवे लागले. मी कपाटाला कुलूप लावायला उठले, तसे आप्पा दारात थांबले.

"ते नारबाचं पुस्तक कुणी न्हेलंय का?"

"नाही."

"मग द्या. निम्मं ऱ्हायलंय."

मी नोंदवही पुन्हा उघडली.