माहेर किती तासांवर?

मैत्रिणींनो, माझं सासर पुण्याचं आणि माहेर नागपूरचं. ‘विमानानं काय, दीड तासाचं तर अंतर!’ असं हल्ली जो तो म्हणतो. मीही म्हणत असे. गेल्या मार्गशीर्षात मात्र या दीड तासाचा खरा हिशेब मला कळला.

रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. आई न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ४ वाजता ऑपरेशन ठरलं होतं. ‘आत नेण्याआधी तुला एकदा पाहायचं म्हणते,’ एवढंच तो बोलला.

रात्रीच्या बसगाड्या सुटून गेल्या होत्या. आगगाडी दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेते. सुमारे ८९० किलोमीटर, वेगवान गाडीलाही बारा तास. मोटारीनं सातशेहून जास्त किलोमीटर, तेही रात्रीचे. हे म्हणाले, ‘विमानानंच जा. ११.४० चं आहे, १.०५ ला पोचतं.’

शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते. मनात आलं, सरळ रेषेत अंतर जेमतेम ६०० किलोमीटर. ताशी ८०० च्या वेगानं पाऊण तास पुरे, मग तिकिटावर दीड तास कसा? तर बायांनो, ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून नागपूरला जागेवर थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढणं, खाली उतरणं, सगळं त्यात आलं. त्यातून लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. प्रवासी विमानं तिथं पाहुणीच!

आणि घरातून निघण्याचा वेळ तर तिकिटावर नसतोच. सिंहगड रस्त्यावरून मी साडेआठला निघाले. लोहगावला पोचायलाच सव्वा तास लागला. मग तपासणी, वाट पाहणं. विमानात खिडकीशी बसले, पण खाली काय दिसलं ते विचाराल तर आठवत नाही. नजर सारखी मनगटावरच्या घड्याळाकडे!

सामान म्हणून एकच छोटी पिशवी जवळ ठेवली होती, म्हणून उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी खोळंबले नाही. तुम्हीही घाईच्या वेळी एवढं लक्षात ठेवा. धंतोलीतल्या दवाखान्यात पोचले तेव्हा बरोब्बर २ वाजले होते. दीड तासाचं माहेर साडेपाच तासांनी आलं.

आईनं हात हातात घेतला. म्हणाली, ‘जेवलीस का गं?’ मला रडूच कोसळलं.

तिला बाहेर आणलं तेव्हा दिवे लागले होते. ह्यांना फोन केला, ‘सगळं ठीक झालं. इथं दिवेलागण झाली.’ हे म्हणाले, ‘इथं अजून ऊन आहे!’ खरंच की! नागपूर पाचेक अंश पूर्वेला. थंडीत तिथं सूर्य पुण्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी मावळतो. वर्गात हे दरवर्षी सांगते, पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा जाणवलं.

तेव्हा मैत्रिणींनो, माहेरचं अंतर तिकिटावरून मोजू नका. आपल्या उंबऱ्यापासून आईच्या उशापर्यंत मोजा. आणि आई थकली असेल, तर फोनची वाट न पाहता एकदा जाऊन या. मी आता दर दोन महिन्यांनी जाते. आगगाडीनं, सावकाश.