फूल पाखरांचं, पान माणसांचं

फाल्गुनात बुलढाण्याहून खामगावकडे निघालं की बोथ्याच्या घाटात ज्ञानगंगेचं जंगल वाळून खडखडीत झालेलं दिसतं. सागाचा पाचोळा पायाखाली करकरतो, आणि त्या रखरखाटात पळस अंगावर एकही पान न ठेवता नखशिखांत फुललेला असतो.

एवढा रंग, पण वास नाही. ही फुलं मुळी आपल्यासाठी नाहीतच. वाकड्या पाकळीच्या तळाशी मध आणि गिऱ्हाईक ठरलेलं: शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, परतीच्या वाटेवरच्या भोरड्यांचे थवे. मध प्यायचा, कपाळाला पराग लावून पुढचं झाड गाठायचं, असा रोखीचा व्यवहार. रंगपंचमीला आपण उकळतो तीही बहुतेक झाडाखाली पडलेली फुलं.

माणसाच्या वाट्याला आलं ते पान. उन्हाळ्यात नवी पालवी फुटते, आणि तिथून पळस घरात शिरतो. चोयांनी टाचलेल्या पत्रावळी आणि द्रोण. दोन पानांत कणीक थापून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले पानगे. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाचा खांदा हळद-तुपानं शेकायचा, तोही पळसाच्या पानानं, उद्याच्या जेवणाचं आवतन देत. सालीतून झिरपणारा लाल डिंक बाळंतिणीच्या लाडवात, चपट्या शेंगेतली पळसपापडी पोरांच्या जंतांवर, मुळं कुटून केलेला दोर शेतकामाला. मुंजीत बटूच्या हातात दंड पळसाचा. परमुलखात मेलेल्या आणि देह हाती न लागलेल्या माणसाला घडवायचं तेही पळसाच्या ३६० देठांतून. त्या पुतळ्याला अग्नी दिला की तो मार्गी लागला.

या जिल्ह्याची सगळ्यात मोठी गोष्टही पत्रावळीपाशीच सुरू होते. २३ फेब्रुवारी १८७८, शेगाव. देवीदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठलेली, बाहेर उष्ट्या पत्रावळी पडलेल्या, आणि एक तरुण त्यांतली शितं वेचून खातो आहे. गजानन महाराज लोकांना पहिल्यांदा दिसले ते असे. माघ वद्य सप्तमीचा तो दिवस. शिवारात पळसाला कळ्या धरायचे दिवस. फुलाकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नसणार.

आता उलट झालं आहे. फुलांचे फोटो घ्यायला घाटात गाड्या थांबतात आणि पंगतीत पान दिसत नाही. २०१८ साली राज्यानं थर्माकोलच्या ताटांवर बंदी घातली, तरी त्या जागी आली ती बहुतेक चकचकीत कागदी ताटंच. पळस कोणी मुद्दाम लावत नाही. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत आणि तोडला तरी बुडातून पुन्हा फुटतो, म्हणून तो बांधावर टिकून राहिला. पण बांध कोरून दोन तास जास्त पेरायचे ठरले, की ज्याच्या पानाची घरात गरज उरली नाही ते झाड आधी नडतं. फूल पाहणारा वाटसरू असतो. झाड राखतो तो पान वापरणारा.