जोडीचा दिवा

यंत्रांविषयीं साहित्यप्रेमी माणसाला वाटावा तो तिटकारा मला कधींच साधला नाहीं. घड्याळ म्हणा, शिवणयंत्र म्हणा, उघडलेलें दिसलें कीं माझे पाय थबकतात. मराठ्यांच्या निशाणाचें नांव मिरविणाऱ्या नागपुरांतील जरीपटका वस्तींत, घरोघर इंटरनेट पुरविणाऱ्या एका गृहस्थांच्या लहानशा खोलींत, मला नुकताच एक थोरला राउटर पहावयास मिळाला.

आपल्या घरचा राउटर एका तारेवर जगतो. वीज गेली कीं डोळे मिटतो. ह्याच्या पाठीशीं मात्र दोन पॉवर सप्लाय होते. एरव्हीं दोन्ही मिळून भार वाहतात. एक निकामी झाला तर दुसरा एकटा सारा भार पेलतो. बिघडलेला संच चालू यंत्रांतूनच, फडताळांतला डबा काढावा तसा, ओढून काढावयाचा आणि नवा सरकवावयाचा. पंख्यांचीही तीच तऱ्हा. शेंकडों घरांत कोणाला पत्ताही लागत नाहीं.

“मग काळजीच मिटली!” मी म्हणालों.

गृहस्थ हंसले. “दोन्ही तारा एकाच बोर्डांत खोंचल्या तर दोन असून एकच कीं! आणि पहिला संच मेला तरी सारें चालूच राहतें. तक्रार करावयास कोणी येत नाहीं. बदलतो तो फक्त ह्या इवल्या दिव्याचा रंग. तो कोणीं पाहिला नाहीं, तर दुसऱ्याबरोबर सगळेंच बंद. मग लोक म्हणतात, एकाएकीं बंद पडलें!”

मला ३० जुलै २०१२ आठवला. पश्चिम व उत्तर भारताच्या वीजजाळ्यांमधील बीना–ग्वाल्हेर मार्गावर ४०० किलोव्होल्टची एकच मुख्य वाट त्या वेळीं चालू होती. तिच्या जोडीची वाट कामासाठीं बंद होती. उरलेलीवर अतोनात भार आला, ती तुटली, आणि सारा उत्तर भारत अंधारांत बुडाला.

माणसांच्या घरांतही असेंच चालतें. माझ्या एका स्नेह्याचे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांची शुश्रूषा मुलगा आणि सून मिळून करीत. वर्षापूर्वीं मुलाची बदली पुण्याला झाली. तरी औषधें वेळेवर, पथ्य वेळेवर, आल्यागेल्याचा चहादेखील वेळेवर. वहिनींचा आवाज तेवढा उतरत चालला आहे. यंत्राला नवा संच बाजारांत मिळतो. वहिनींच्या जागीं कोणाला सरकवावयाचें?

त्याच संध्याकाळीं मीं स्नेह्याला फोन करून महिनाभराची रजा काढण्यास सुचविलें.

“पण घरीं तर सारें सुरळीत चाललें आहे!” तो आश्चर्यानें म्हणाला.

“तेंच तर मला भिववितें,” मी म्हणालों.