कासेर्ताच्या राजवाड्यांत

नेपल्सहून आगगाडीनें उत्तरेस निघालें म्हणजे तासाभराच्या आंत कासेर्ता येतें. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच समोर राजवाडा! बोर्बन राजा चार्ल्स यानें १७५२ सालीं व्हानव्हितेल्ली नांवाच्या शिल्पज्ञाकडून बांधावयास घेतलेल्या या वास्तूंत सुमारें १,२०० दालनें आहेत. प्रवाशांची रीघ असते ती मागल्या बागेंतील धबधब्याकडे. वाचकांस मात्र मी आंतच थांबवितों. कारण १९४४ सालीं इटलींतील दोस्त फौजांचा सेनापति जनरल अलेक्झांडर याचें ठाणें येथें होतें.

कित्येक डिव्हिजन मिळून एक आर्मी, आणि अशा दोनतीन आर्म्या एका सेनापतीच्या हाताखालीं दिल्या म्हणजे ‘आर्मी ग्रुप’. अलेक्झांडरच्या हाताखालीं क्लार्कची पांचवी अमेरिकन व लीसची आठवी ब्रिटिश अशा दोन आर्म्या. त्यांत हिंदी, फ्रेंच, पोलिश, कॅनेडियन, न्यूझीलंडर अशीं नाना देशांचीं माणसें. प्रत्येक तुकडीचा कान आपल्या मायदेशाच्या सरकाराकडे लागलेला. हुकूम कमी आणि मनधरणी जास्त, असा हा कारभार! एकत्र कुटुंबाच्या कर्त्यास तो निराळा समजावून सांगावयास नको.

याची कसोटी मे १९४४ मध्यें लागली. अँझिओच्या किनाऱ्यावरील फौजेनें व्हालमोंतोने गांठावें व माघार घेणाऱ्या दहाव्या जर्मन आर्मीची वाट अडवावी, असा अलेक्झांडरचा बेत होता. क्लार्कनें २५ मे रोजीं आपलें मुख्य बळ रोमकडे वळविलें. ४ जूनला रोम पडलें. जर्मन आर्मी निसटली. अलेक्झांडरनें क्लार्कला दूर केलें नाहीं. अमेरिकेचा सेनानी ब्रिटिश सेनापतीनें काढावयाचा म्हणजे दोन राष्ट्रांचें भांडण. तरीहि त्याचा हा सौम्यपणा मला महाग वाटतो.

लढाई पुढें जवळजवळ अकरा महिने चालली. १० जुलैला टायबरच्या वरच्या खोऱ्यांत मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे, सोबती पडल्यावर, मशीनगनवर एकटाच चालून गेला. ती बंद पाडून धारातीर्थीं पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अखेर २९ एप्रिल १९४५ रोजीं जर्मन शरणागतीवर सह्या झाल्या त्या याच राजवाड्यांत. अलेक्झांडरच्या वतीनें सही केली त्याच्या चीफ ऑफ स्टाफ मॉर्गननें. समोर दोनच जर्मन अधिकारी होते, आणि दोघांच्याहि अंगावर लष्करी गणवेश नव्हता. ते साध्या नागरी कपड्यांत आले होते.