चिलटाचे उपकार

सृष्टींत क्षुद्र असें कांहींच नाहीं, हें वाक्य आपण निबंधांत अनेकदां लिहितों. परंतु त्याची प्रतीति येण्यास कांहीं निमित्त घडावें लागतें. मला तें निमित्त चिलटानें दिलें. पिकलेल्या केळ्यांभोंवतीं घिरट्या घालणारा, तांबड्या डोळ्यांचा, दोनतीन मिलिमीटर लांबीचा हा जीव आपण हातानें झटकून टाकतों. शास्त्रज्ञ मात्र त्याला मुद्दाम पाळतात. कॉलेजांत असतांना अशा एका प्रयोगशाळेंत कांहीं महिने काम करण्याचा योग मला आला.

तेथें चिलटांची बडदास्त मोठी असते. मक्याचें पीठ, साखर व यीस्ट शिजवून केलेलें अन्न कांचेच्या नळींत ओततात व तोंडाशीं कापसाचा बोळा बसवितात. सुमारें २५ अंश सेंटिग्रेड उष्णमानांत अंड्याचें पूर्ण चिलट होण्यास दहा दिवस पुरतात. त्यामुळें थोड्या काळांत अनेक पिढ्या पाहतां येतात. ह्याच सोयीमुळें न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत टॉमस हंट मॉर्गन यांनीं ह्या जीवाच्या साह्यानें आनुवंशिकतेचें कोडें उलगडलें व १९३३ सालीं नोबेल पारितोषिक मिळविलें.

जंतुरोगाचा प्रयोग असा असतो. चिलटांना कार्बन डायऑक्साइड वायूनें गुंगी आणतात आणि अत्यंत बारीक सुई जंतूंच्या द्रवांत बुडवून त्यांच्या छातीस टोचतात. दुसऱ्या नळींतील चिलटांना तशीच, पण निर्जंतुक सुई टोचतात. कारण मरण जंतूंनीं आणलें कीं जखमेनें, हें कळलें पाहिजे. मग रोज ठरल्या वेळीं मेलेलीं किती व जिवंत किती, हें मोजावयाचें.

माणसाप्रमाणें चिलटाच्या रक्तांत प्रतिद्रव्यें तयार होत नाहींत. त्याची सारी भिस्त जन्मजात प्रतिकारावर. म्हणून तो प्रतिकार त्याच्या ठायीं निर्भेळ पाहावयास मिळतो. स्वीडनमध्यें हान्स बोमन व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं दाखविलें कीं, जंतू टोचल्यावर चिलटाच्या अंगीं जंतुनाशक शक्ति उत्पन्न होते. पुढें फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथें ज्यूल हॉफमन व ब्रूनो लमेत्र यांच्या चमूनें ती शक्ति जागविणारीं जनुकें शोधलीं. १९९५ सालीं सांपडलेल्या एका जनुकांत दोष असल्यास चिलट कांहीं जातींच्या जंतूंपुढें टिकत नाहीं. ‘टोल’ नांवाच्या जनुकांत दोष असल्यास तें बुरशीनें मरतें, हें १९९६ सालीं सिद्ध झालें. दोनच वर्षांनीं अमेरिकेंत ब्रूस ब्यूटलर यांना उंदरांत टोलसारखेंच जनुक जंतूंचें विष ओळखतांना आढळलें. अशीं जनुकें माणसांतहि आहेत. २०११ सालच्या नोबेल पारितोषिकांत हॉफमन व ब्यूटलर हे दोघेहि वांटेकरी झाले.

माझ्या आजीला ह्या कामाचें कौतुक नव्हतें. एकदां तिनें विचारलें, “बाळ, त्या मुक्या जीवांना आजारी पाडून तुम्हांला काय रे मिळतें?” प्रश्न साधा होता, पण उत्तर जड होतें. तिचा थोरला मुलगा लहानपणीं पायास खिळा लागून, जखम चिघळून व विष अंगांत भिनून दगावला होता. तशीच जखम झालेला शेजारचा मुलगा मात्र बरा झाला. मीं म्हटलें, “आजी, एकाच नळींतलीं, एकाच सुईनें टोचलेलीं चिलटें, त्यांतलीं कांहीं मरतात, कांहीं जगतात. असें कां, तेंच आम्ही शोधीत आहों.” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तर मग नीट मोजीत जा.”

ह्याहून मोठा उपदेश मला कोणत्याहि ग्रंथांत मिळाला नाहीं. विद्यार्थिमित्रांनो, ज्ञानासाठीं एखाद्या जीवाचा बळी घ्यावा लागला, तर त्याचें ऋण आपल्यावर राहतें. तें दयेच्या शब्दांनीं फिटत नाहीं. खरी नोंद, सावध हात आणि उगाच एकहि जीव वाया न दवडण्याचा निश्चय यांनींच थोडेंबहुत फिटतें. ज्याची नोंद खोटी, त्यानें तीं चिलटें व्यर्थ मारलीं.