त्याचं उत्तर, माझं अक्षर

नववीत असताना मी दहावीची परीक्षा दिली. माझी नाही, शेजारच्या दादाची. तो सांगायचा आणि मी लिहायचे. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा असा नियम असतो, म्हणून शाळेने मला विचारलं. माझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन पक्कं आणि घर त्याच्या घराला लागून. सगळे म्हणाले, "पुण्याचं काम आहे, नाही म्हणू नकोस." मलाही तेव्हा ते पुण्याचंच काम वाटलं होतं. या लेखाचं कारण तेच आहे.

दादाला डिसलेक्सिया आहे. आठवीपर्यंत हा शब्द आमच्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. तोवर तो 'आळशी' होता, 'लक्ष नसलेला' होता, 'डोकं आहे पण वापरत नाही' असा होता. बेळगावच्या मराठी शाळेत मुलाला तीन लिप्या शिकाव्या लागतात: देवनागरी, रोमन आणि कन्नड. ज्याची एका लिपीतही अक्षरं जागेवर राहत नाहीत, त्याचं तीन लिप्यांत काय होत असेल, याचा विचार आम्ही कुणी केला नाही. त्याने मात्र त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता. रविवारच्या मिस्सेत त्याची वाचनाची पाळी आली की तो आदल्या रात्री आईकडून तो उतारा चार-पाच वेळा वाचून घ्यायचा आणि सकाळी पुस्तकावर डोळे ठेवून सगळा तोंडपाठ म्हणायचा. मध्ये पानसुद्धा उलटायचा. फादर म्हणायचे, सगळ्या पोरांत हाच स्पष्ट वाचतो.

आठवीत एक नव्या बाई आल्या आणि त्यांना शंका आली. मग तपासण्या झाल्या, हॉस्पिटलच्या खेपा झाल्या, प्रमाणपत्र मिळालं. पुढे मी कायदा वाचला तेव्हा कळलं की मुलाची अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणं हे शाळेचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे. म्हणजे आठवीत त्या बाईंनी जे केलं तो चमत्कार नव्हता. ते तिसरीतच व्हायला हवं होतं.

हा कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यांत डिसलेक्सिया कुठेच नव्हता. नव्या कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आली: डिसलेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया वगैरे. कलम 17 मध्ये परीक्षेसाठी जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही नावं घेऊन सांगितली आहेत.

त्या सुटीवरून शाळेत मोठी गंमत झाली. हेडमास्तर म्हणाले, "कन्नडमधून सूट घे, एक पेपर कमी होईल." दादा म्हणाला, "कशाला सर? कन्नड मला येतंय की. येत नाही ते लिहायला." खरंच होतं. पप्पांच्या गॅरेजवर येणाऱ्या गिऱ्हाइकांशी तो लहानपणापासून कन्नड बोलायचा. मी पुस्तकातलं कन्नड सुंदर लिहायचे, पण भाजीवालीने दोन वाक्यं जास्त बोलली की गप्प व्हायचे. सूट त्याने घेतली नाही, लेखनिक घेतला. हक्क कुठला घ्यायचा हेही ज्याचं त्याने ठरवायचं असतं, हे मला तेव्हा कळलं.

पहिला पेपर मराठीचा होता. वेगळी खोली, दोन बाकं, खिडकीपाशी पर्यवेक्षक बाई. निबंध श्रमाच्या महत्त्वावर. दादा थोडा वेळ गप्प बसला आणि सांगायला लागला, "पप्पा गाडीखाली झोपून काम करतात तवा नुसते पायच दिसतात. पायावरनं मला कळतंय, पप्पा आज दमलेत की नाही."

माझं पेन थांबलं. निबंधात असं कुठे लिहितात? 'तवा' काय, 'पायावरनं' काय! मी शाळेची निबंधस्पर्धा जिंकलेली मुलगी. मी लिहिलं, "श्रम हीच खरी ईश्वरसेवा होय. घामाच्या प्रत्येक थेंबात यशाचे मोती दडलेले असतात." पुढेही तसंच. तो गॅरेजबद्दल सांगत होता आणि मी सुविचार लिहीत होते.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "मी म्हटलेलं लिहिलीस काय, की तुझं?"

"तुझंच," मी म्हणाले. "फक्त थोडं शुद्ध केलं."

कन्नडच्या पेपरला मला काही शुद्ध करता आलं नाही. तो बोलत होता त्यातलं अर्धंच मला कळत होतं. म्हणून अक्षर न् अक्षर ऐकायचं आणि उतरवायचं, एवढंच केलं. अडले की तो शब्द फोडून सांगायचा, "लिही की गं, काय बघत बसलीस?" त्या तीन तासांत मी पहिल्यांदा खरी लेखनिक होते. निकाल लागला तेव्हा त्याला कन्नडमध्ये मराठीपेक्षा जास्त मार्क होते. घरी सगळ्यांना आश्चर्य वाटलं. मला वाटलं नाही, पण मी बोलले नाही. कन्फेशनमध्येसुद्धा नाही. मी त्याला मदत केली की त्याचं काही चोरलं, हेच मला नीट ठरवता येत नव्हतं.

आता साहित्य शिकताना शब्दांकडे जरा थांबून बघायची सवय लागली आहे. या सगळ्याला आपण 'सवलत' म्हणतो. सवलत दिवाळीच्या सेलमध्ये असते. देणारा खूश असला की मिळते, नाहीतर नाही. कायद्याची भाषा तशी नाही. त्यात 'वाजवी सोयीसुविधा' आहे आणि ती नाकारणं म्हणजे भेदभाव, असं व्याख्येतच म्हटलं आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. लिहिताना हात आखडण्याचा त्याला त्रास होता, पण दिव्यांगत्व 40 टक्क्यांचं नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालय म्हणालं की 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या गोष्टींसाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येणार नाही. त्याच वर्षी नीट परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका मुलीला हक्काचा जादा तास न देताच केंद्रावर पेपर काढून घेतला गेला. अन्याय झाला हे न्यायालयाने मान्य केलं आणि तो दूर करायला सांगितलं, पण परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही. कायदा कागदावर कितीही चांगला असला, तरी त्या क्षणी वर्गात उभ्या असलेल्या माणसाला तो माहीत नसेल तर गेलेला तास परत येत नाही.

वर्गात उभी असलेली माणसं आपणच असतो. तासाला 20 मिनिटं जादा मिळणाऱ्या मुलाकडे बघून "मजा आहे बाबा तुझी" म्हणणारे आपणच. बारावीनंतर दादाने कॉलेज सोडलं, ते पेपर अवघड गेले म्हणून नाही. प्रत्येक टेस्टच्या आधी वर्गासमोर "अजून कुणाला जास्त वेळ लागतो?" असं विचारलं जायचं आणि त्याला उभं राहावं लागायचं, म्हणून. असं काही तुमच्याबाबत झालं तर राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते. तेव्हा ते त्याला माहीत नव्हतं, मलाही नाही.

गेल्या महिन्यात तो घरी आला. एका सरकारी भरतीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. तो सांगत गेला, मी टाइप करत गेले. 'लेखनिक हवा आहे का' या ओळीवर मी थांबले, त्याने स्वतः माउस घेतला आणि 'होय'वर क्लिक केलं. मग मी त्याला मराठीच्या पेपरचं सगळं सांगितलं. पप्पांच्या पायांचंही.

तो हसला. "मला त्याच दिवशी कळलं होतं. मी दोन ओळी सांगितल्या आणि तू अर्धं पान लिहिलीस. वाचता येत नाही म्हणून मोजता येत नाही काय?"

मी सॉरी म्हणाले. त्यावर तो काही बोलला नाही. जाताना दारात चप्पल घालत म्हणाला, "या खेपेला लेखनिक शोधून दे. पण निबंधात बक्षीस मिळालेलं कुणी नको."