बटण मेलंय बघ

निपाणीच्या आज्जीचे डोळे अधू झालेत. म्हणून आमच्या ई-अंकातल्या माझ्या लेखाच्या मराठी चौकटीत मी ‘ऐका’ असं बटण ठेवलं होतं. ते दाबलं की माझ्या आवाजात लेख सुरू व्हायचा. लेख आजोबांवर होता, ते गेल्यानंतर लिहिलेला.

पानावर वर इंग्रजी, मध्ये आजोबांचा फोटो, तळाशी मराठी. वाङ्मय मंडळाचा अंक आणि मराठी तळाशी? मी जावास्क्रिप्टने दोन्ही चौकटींचं ‘इनरएचटीएमएल’ अदलाबदल केलं. मजकूर झक्क जागेवर बसला. रात्री बेळगावहून फोन केला, तर आज्जी म्हणाली, "बटण मेलंय बघ तुझं."

चूक माझीच. इनरएचटीएमएल नव्याने भरलं की ब्राउझर आतले घटक पुसून त्याच मजकुराचे नवे घटक बनवतो. बटण दिसायला तेच, पण ‘दाबल्यावर हे कर’ हा निरोप जुन्या बटणाला बांधलेला. तो त्याच्याबरोबरच गेला.

उपाय सोपा होता: चौकट पुन्हा लिहायची नाही, उचलून ठेवायची. इंग्रजीच्या आधी एक रिकामी खूण ठेवली. ‘इन्सर्टबिफोर’ने इंग्रजी चौकट मराठीच्या आधी नेली, मग मराठी त्या खुणेच्या जागी आणली आणि खूण काढून टाकली. पानावरचा घटक एका वेळी एकाच जागी असतो. नव्या जागी ठेवला की जुनी आपोआप सुटते. त्याला बांधलेलं सगळं मात्र सोबत येतं.

हे करताना आज्जीच आठवत राहिली. 1 नोव्हेंबर 1956 ला निपाणी-बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. ती तेव्हा सात वर्षांची. पुढे 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 मध्ये बेळगावचं बेळगावी. वरच्या पाट्या बदलल्या, पण तिची संध्याकाळची रोझरी अजून मराठीतच आहे. शेजारणीशी मात्र ती झकास कन्नड बोलते. तिला कुणी पुसून पुन्हा लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बटण दाबलं. लेख संपेपर्यंत फोनवर दोघीही गप्प होतो. मग म्हणाली, "आता परत लाव गं."